कार्यशाळेचा स्मृतिभ्रंश : जुन्या चुका पुन्हा का घडतात?

प्रत्येक औषधनिर्मात्याच्या संग्रही अशी एखादी चूक असते, जिची किंमत त्याने एकदा पुरेपूर मोजलेली असते आणि तरीही जी त्याच्याच छताखाली पुन्हा घडलेली असते. अशाच एका चुकीची कबुली देऊन प्रस्तुत लेखाचा आरंभ करणे आम्हांस उचित वाटते.

सातपुड्याच्या कुशीत, धडगाव येथे आमचा दवाखाना आहे. त्याला जोडून स्वतःच्या रुग्णांपुरती औषधे सिद्ध करणारी दोन खोल्यांची औषधशाळा आहे. हिवाळ्यात पाड्यांवरील मंडळी पिकलेले बिब्बे टोपल्यांतून आणतात आणि त्यांचे शोधन करून आम्ही वर्षाची बेगमी करतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी असेच शोधन चालू असता आमच्या एका नव्या सहायकाला बिब्बा उतला. वृंत कापताना उडालेले तेल त्याने हातानेच पुसले आणि तोच हात चेहऱ्याला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोळे उघडेनात. हातांवर व मानेवर स्रावयुक्त फोड आले. तीन आठवडे त्यास काम करता आले नाही.

आमच्याकडे त्या वेळी एक वृद्ध पावरा गृहस्थ औषधे कांडण्या-कुटण्याचे काम पाहत. सारे त्यांना आबा म्हणत. त्यांनी आम्हांला एवढेच ऐकवले, "डॉक्टरसाहेब, खोबरेल लावल्याबिगर बिब्ब्यात हात घालायचा नसतो. मी त्या दिवशी बाजाराला गेलो होतो. असतो तर घालू दिला नसता."

पुढे आबा असेपर्यंत पुन्हा कोणास बिब्बा उतला नाही. वयोमानाने ते घरी बसले. त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात दुसऱ्या एका तरुणाच्या बाबतीत नेमके तेच घडले, आणि या वेळी दाह डाव्या डोळ्यापर्यंत पोहोचला. रात्री चांदसैली घाट उतरून त्यास नंदुरबारला नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे लागले. दृष्टी वाचली, परंतु ऊसतोडीला गुजरातेत जाण्यासाठी त्याने घेतलेली उचल फिटली नाही आणि त्याच्या कुटुंबाचा तो हंगाम बुडाला. त्याच सुमारास जुन्या रोजनिश्या चाळताना पहिल्या अपघाताच्या दिवशीची आमच्याच हातची नोंद आम्हांला सापडली. हातांना व तोंडाला खोबरेल लावावे, विटेच्या भुकटीत घोळताना गोणपाट वापरावे, धुरात तोंड नेऊ नये, डोळे झाकावेत, असे सारे तपशील तीत होते. म्हणजे ज्ञान होते आणि ते लिहूनही ठेवलेले होते. ते फक्त बिब्ब्याच्या बरणीजवळ नव्हते.

प्रज्ञापराधाचा तिसरा पाय

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील पहिल्या अध्यायात प्रज्ञापराधाचे विवेचन आहे. धी, धृति आणि स्मृति यांचा विभ्रंश झालेल्या मनुष्याच्या हातून जे अशुभ कर्म घडते, तो प्रज्ञापराध. आपण विद्यार्थ्यांना हे शिकवताना बहुधा धी आणि धृति यांवरच भर देतो. मनुष्याला कळले नाही किंवा कळूनही आवरले नाही, अशी उदाहरणे देतो. स्मृतिविभ्रंश मात्र व्याख्येपुरता उरतो. वास्तविक कोणत्याही कार्यशाळेत सर्वांत महागडे अपराध या तिसऱ्या कारणाने घडतात. तेथील माणसे बुद्धिमान असतात, बहुतेक जण प्रामाणिकही असतात. परंतु त्या स्थळी पूर्वी काय घडले होते, हे कामाच्या क्षणी कोणासही आठवत नाही.

व्यक्तीच्या स्मृतीला शरीर आहे. संस्थेच्या स्मृतीला शरीर कोणते? आबांसारखी माणसे हे त्याचे एक उत्तर; परंतु माणसे निवृत्त होतात, बाजाराला जातात. कागद हे दुसरे उत्तर. परंतु कागद कपाटात जातो. आमची चूक एका दवाखान्यापुरती होती. याच प्रकारच्या विस्मृतीने औषधनिर्मितीच्या क्षेत्रात किती बळी घेतले आहेत, ते पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येईल.

एकाच विषाची नव्वद वर्षे

डायएथिलीन ग्लायकॉल हा रंगहीन, दाट, गोडसर द्रव आहे. उद्योगधंद्यात त्याचा उपयोग होतो. ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल यांपासून तो डोळ्यांनी वा जिभेने वेगळा ओळखता येत नाही, आणि किमतीने तो स्वस्त पडतो. पोटात गेल्यावर तो वृक्कांचा घात करतो. प्रथम वमन आणि उदरशूल, मग मूत्र कमी होणे, मग मूत्राघात, असा त्याचा क्रम असतो.

हे जगाला इ.स. १९३७ सालीच कळले. अमेरिकेत सल्फानिलामाइड या औषधाचे पेय बनवताना एका निर्मात्याने द्रावक म्हणून हाच पदार्थ वापरला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यातूनच १९३८ साली तेथे औषध विकण्यापूर्वी त्याची सुरक्षितता सिद्ध करण्याचे बंधन घालणारा कायदा झाला. इ.स. १९७२ मध्ये मद्रास येथे दूषित औषधाने चौदा बालके गेली.

इ.स. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यांतील व मेंदूतील दाब उतरवण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन पाजण्यात आले. ते औद्योगिक प्रतीचे होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. चौदा रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने या प्रकरणाचा तळ गाठला. औषधखरेदीची पद्धत, अन्न व औषध प्रशासनाचा ढिला कारभार, रुग्णालयातील बेपर्वाई आणि वरपर्यंत पोहोचलेले हितसंबंध यांवर त्या अहवालाने नावानिशी बोट ठेवले. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. औषधनियंत्रणावर इतका स्पष्ट दस्तऐवज आपल्या देशात क्वचितच निर्माण झाला असेल.

तरीही पुढचा क्रम पाहावा. १९९८ साली दिल्लीनजीकच्या गुडगावात तीसहून अधिक बालके. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतील रामनगर परिसरात दहाहून अधिक बालके. २०२२ साली आफ्रिकेतील गांबियात सुमारे सत्तर बालकांच्या मृत्यूंचा संबंध भारतीय बनावटीच्या सिरपांशी जोडला गेला आणि त्याच वर्षी उझबेकिस्तानातूनही तशीच वार्ता आली. त्यानंतर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक बालके खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यांतील कित्येकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधाच्या नमुन्यात तेथील शासकीय प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे.

छिंदवाडा हा याच सातपुड्याचा पूर्वेकडील प्रदेश. त्या ऑक्टोबरात आमच्या ओसरीवर बसलेल्या एका मातेने हातातील सिरपची बाटली पुढे करून विचारले, "डॉक्टर, यात ते नाही ना?" बाटली आयुर्वेदिक होती, नामांकित निर्मात्याची होती. आम्ही "नाही" म्हणालो खरे. परंतु ते कशाच्या आधारावर म्हणालो, याचा विचार करता त्या रात्री झोप आली नाही. आपल्या प्रोप्रायटरी सिरपांतही ग्लिसरीन आणि सॉर्बिटॉल वापरले जातात. ते कोठून येते आणि कोण तपासते, हे आम्ही वीस वर्षांच्या व्यवसायात एकदाही कोणास विचारले नव्हते.

स्मृती का टिकत नाही?

या घटनांकडे वैद्याच्या दृष्टीने पाहिले असता चार हेतू आम्हांस स्पष्ट दिसतात.

पहिला हेतू ओकसात्म्याचा. अहितकर आहारही सवयीने अंगवळणी पडतो आणि तो अहितकर आहे याचा विसर पडतो, तसेच कार्यशाळेचे होते. ग्लिसरीनचे पिंप एकदा तपासणीविना वापरले आणि काही घडले नाही. दुसऱ्यांदा वापरले, काही घडले नाही. दहाव्या पिंपापर्यंत तपासणी न करणे हीच पद्धत होते, आणि तपासणीचा आग्रह धरणारा मनुष्य कामात खोळंबा करणारा ठरतो. दुर्घटना विरळ असते, म्हणूनच ती विसरली जाते. आमच्याकडेही तेल न लावता बिब्बे हाताळणारे सगळेच भाजले असते, तर आबांची गरज पडली नसती.

दुसरा हेतू हिशेबाचा. स्वस्त माल घेतल्याची बचत खरेदीच्या वहीत त्याच महिन्यात दिसते. त्यामुळे होणारी हानी मात्र दुसऱ्याच वहीत, अनेक महिन्यांनी, बहुधा परक्या गावी आणि परक्याच्या घरी नोंदली जाते. ज्याला निर्णय घ्यायचा असतो त्याला किंमत मोजावी लागत नाही, आणि जो किंमत मोजतो त्याला निर्णयात स्थान नसते. आमच्या प्रकरणात डोळा त्या तरुणाचा होता. घाई आमची होती.

तिसरा हेतू अपराधी सापडल्याच्या समाधानाचा. दुर्घटना घडली की कोणी केले याचा शोध सुरू होतो. एखाद्यास अटक होते, एखाद्याचा परवाना जातो, एखादा सहायक कामावरून निघतो. शिक्षा आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु शिक्षा झाली की संप्राप्तीचा विचार थांबतो. दोष कोठे संचित झाला, कोणत्या स्रोतसाने पसरला, कोठे स्थानसंश्रय केला, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. शिवाय शिक्षेचे भय असले की पुढच्या वेळी लहान चूक कोणी सांगतच नाही.

चौथा हेतू धडा प्रसंगापुरता शिकण्याचा. २०२२ च्या विदेशातील घटनांनंतर १ जून २०२३ पासून खोकल्याच्या सिरपांना निर्यातीपूर्वी शासनमान्य प्रयोगशाळेत तपासून घेण्याचे बंधन आले. धडा निर्यातीपुरता शिकला गेला. छिंदवाड्याची बालके देशातच होती.

यात आपण केवळ ॲलोपॅथिक निर्मात्यांकडे बोट दाखवून सुटू शकत नाही. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सत्तर औषधांपैकी चौदांत शिसे, पारद किंवा सोमल आढळले. आपल्या व्यावसायिक वर्तुळांतून त्या वेळी पुष्कळ रोष व्यक्त झाला. रसौषधींचे शास्त्र परदेशीयांना उमगत नाही, हा आक्षेप काही अंशी रास्तही होता. परंतु वनस्पतिज औषधात शिसे कोठून आले, हा प्रश्न त्या रोषात मागे पडला. केंद्र शासनाने १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची केली, तीही प्रथम निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना. २००६ आणि २०२३ या दोन आदेशांचा साचा एकच आहे. आपला अनुभव दुसऱ्या शाखेच्या उपयोगी पडला नाही आणि तिचा अनुभव आपल्या.

पूर्वरूपाकडे लक्ष

उपाय आपल्या शास्त्रातच आहेत. सुश्रुताचार्यांनी सांगितलेले सहा क्रियाकाल आपण रोगासाठी योजतो. ते चुकीसही लागू पडतात. आपली चौकशी भेदावस्थेत, म्हणजे माणूस दगावल्यावर सुरू होते. संचयाच्या अवस्थेत चिकित्सा सर्वांत सुकर असते आणि चुकीच्या बाबतीत तिची चिन्हे रोज दिसत असतात. लेबल नसलेले पिंप, घाईत वापरलेला अर्धवट वाळलेला भरड, चुकीच्या बरणीत पडलेले चूर्ण जे वेळेवर लक्षात आले. हे वेळेवर लक्षात आलेले प्रमाद म्हणजे चुकीचे पूर्वरूप. आपण ते हसून सोडून देतो.

औषधनिर्मात्यांसाठी अनुसूची 'टी' मध्ये ग्राहकांच्या तक्रारींची आणि अनिष्ट परिणामांची नोंदवही ठेवण्याचे बंधन आहे. कित्येक ठिकाणी ही वही निरीक्षकाच्या भेटीपूर्वी कोरी करकरीत असते, आणि तक्रार नसणे ही अभिमानाची गोष्ट मानली जाते. आमच्या मते कोरी वही हे त्या कार्यशाळेच्या स्मृतिभ्रंशाचे पहिले लक्षण समजावे.

आम्ही स्वतः जे अवलंबिले आहे आणि जे औषधनिर्मात्यांनी अवलंबावे असे सुचवितो, ते पुढीलप्रमाणे.

ग्लिसरीन, सॉर्बिटॉल व प्रोपिलीन ग्लायकॉल यांचे प्रत्येक पिंप, बॅचनिहाय डायएथिलीन ग्लायकॉलची तपासणी होईपर्यंत कुलुपात ठेवावे. दलालाचे प्रमाणपत्र पुरेसे मानू नये. मूळ उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक त्यावर असावा. खर्च परवडत नसेल तर दोन-चार लहान निर्मात्यांनी मिळून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेशी व्यवस्था करावी.

पूर्वानुभव जेथे काम चालते तेथेच लिहावा. घटकद्रव्यांच्या प्रमाणासोबत बॅचच्या कागदावरच, ज्या पायरीवर पूर्वी चूक झाली त्या पायरीसमोर, ती चूक व तिचे वर्ष नोंदलेले असावे. त्या ओळीपुढे सही झाल्याखेरीज पुढची पायरी सुरू होऊ नये.

जाणत्या माणसाच्या निवृत्तीपूर्वी त्याच्या जागी येणाऱ्याने त्याच्या देखत ते काम निदान एक हंगाम करावे. नुसते सांगून जाणे पुरेसे नसते, कारण जाणत्याला स्वतःला काय काय ठाऊक आहे याची जाणीव नसते. औषधींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना ठाऊक असतात, असे चरकाचार्य सूत्रस्थानाच्या आरंभीच सांगतात. आम्ही आबांना पगार दिला, मान दिला. परंतु शेजारी बसून विचारले नाही.

वर्षातून दोनदा सर्व कर्मचाऱ्यांसमवेत तक्रारवही मोठ्याने वाचावी. तद्विद्यसंभाषेचा हाच उपयोग आहे. त्या बैठकीत कोणी केले हा प्रश्न वर्ज्य असावा. कसे घडले एवढेच विचारावे. चूक आपण होऊन सांगणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही, हे मालकाने प्रथम स्वतःच्या चुकीपासून आरंभ करून दाखवावे.

खोळंब्याचा हिशेबही लिहावा. संशयावरून थांबवलेल्या बॅचचे नुकसान ज्या वहीत लिहिले जाते, त्याच वहीत पूर्वीच्या दुर्घटनेचा खर्चही लिहिलेला असावा, म्हणजे दोन्ही आकडे एकाच पानावर दिसतील.

वैद्यबंधूंसाठी दोनच गोष्टी. बालकास सिरप देताना केसपेपरवर बॅच क्रमांक लिहावा आणि पुनःपरीक्षणाच्या वेळी मूत्रप्रवृत्तीविषयी अवश्य विचारावे. छिंदवाड्यासारख्या प्रसंगी पहिला संशय कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी वैद्याच्या ओसरीवर येऊ शकतो. मात्र त्यासाठी बाटली कोणती होती हे ठाऊक असावे लागते.

बरणीवरची पाटी

त्या दुसऱ्या अपघातानंतर आम्ही बिब्ब्याच्या बरणीवर पत्र्याची एक पाटी बसविली. मजकूर मराठीत आहे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेलाची वाटी व झाकलेले डोळे यांचे चित्र आहे. बरणीच्या मागे खोबरेलाची बाटली दोरीने बांधलेली आहे. दोन्ही अपघातांची वर्षे पाटीवर कोरलेली आहेत, आणि त्याखाली आमचे स्वतःचे नाव आहे. कारण त्या खोलीचे उत्तरदायित्व आमचे होते.

गेल्या हिवाळ्यात बाह्यरुग्णांची गर्दी ओसरल्यावर आम्ही घाईने औषधशाळेत गेलो. शोधन अर्धे राहिले होते आणि सायंकाळ होत आली होती. बाह्या सरसावून आम्ही बरणीचे झाकण उघडणार, तोच अठरा वर्षांचा आमचा नवा सहायक मध्ये आला. तो संकोचला होता, तरी हात पुढे करून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आधी पाटी."

आम्ही थांबलो, तेल लावले आणि मगच कामास बसलो. तो मुलगा आबांना कधी भेटलेला नाही.